स्पिनर आणि काउलिंगमधली फट: आधी काय ठरवायचं, शेवटी काय कापायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेचे एक गृहस्थ दोन आसनी विमानाचं किट जोडत आहेत. इंजिन लायकमिंग ओ-३२०, प्रोपेलर धातूचा फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा), स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोकदार टोपी) १३ इंची, काउलिंग (इंजिनवरचं आवरण) फायबरची आणि वर-खाली अशा दोन भागांत. काउलिंग फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) सरळ धरली की बॅकप्लेटमागची (स्पिनरच्या तळाच्या चकतीमागची) फट डावीकडे वर ९ मिलिमीटर आणि उजवीकडे खाली ३ मिलिमीटर भरते (डावं-उजवं वैमानिकाच्या बाजूनं). ते विचारतात, इंजिन वाकडं बसलंय का, माउंटला (इंजिन धरणाऱ्या सांगाड्याला) वॉशर घालून सरळ करू का, आणि फट नक्की किती ठेवू?

पहिलं म्हणजे, वॉशर खाली ठेवा. इंजिन बहुतेक वाकडं नाही, मुद्दाम तसं बसवलेलं आहे. लायकमिंगचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. त्याचा वारा फ्यूजलाजभोवती गुंडाळत मागे जातो आणि शेपटावर अशा बाजूनं आदळतो की पूर्ण ताकदीवर नाक डावीकडे ओढलं जातं. ते कमी करायला बऱ्याच डिझाइनमध्ये इंजिनचा अक्ष थोडा उजवीकडे आणि थोडा खाली रोखलेला असतो. अक्ष उजवीकडे वळला की बॅकप्लेटची उजवी कड मागे येते, डावी पुढे जाते. अक्ष खाली झुकला की खालची कड मागे, वरची पुढे. म्हणजे फट डावीकडे वर जास्त आणि उजवीकडे खाली कमी, नेमकी तुमच्यासारखी. आता हिशोब करा. १३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर. एवढ्या व्यासाची तबकडी एक अंश कलली तर दोन कडांमध्ये पावणेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. तुमचा फरक सहाचा आहे. दोन्ही दिशांचा कल मिळून साधारण एक अंश, म्हणजे यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी किटच्या ड्रॉइंगमध्ये माउंटचा कोन पाहून घ्या. तिथे शून्य लिहिलं असेल तरच माउंट, रबरं आणि फायरवॉलवरचे (इंजिनमागच्या आगरोधक भिंतीवरचे) बोल्ट परत तपासायचे.

या कामात स्पिनर हा मालक आहे आणि काउलिंग त्याच्या मागे चालते. इंजिन जिथे आहे तिथे ते सकारण आहे. काउलिंग म्हणजे शेवटी एक आवरण. तेव्हा आधी तिचं नाक स्पिनरला जुळवायचं आणि मागची, फायरवॉलकडची कड सगळ्यात शेवटी कापायची. बहुतेकजण उलटं करतात, कारण मागची कड फ्यूजलाजच्या पत्र्याला छान बसलेली दिसली की बरं वाटतं. मग नाकाशी जे उरेल ते पुट्टीनं भरत बसतात.

पण स्पिनर मालक म्हटला तरी कुठला स्पिनर? आज दिसतोय तो नाही, वर्षभरानंतर असेल तो. इंजिन रबरी माउंटवर टांगलेलं असतं आणि नवी रबरं वजनाखाली दबतात. नाक हळूहळू खाली येतं. या जातीच्या इंजिनांत स्पिनरपाशी दोन-तीन मिलिमीटर उतार पडतो असं धरून चालायचं. म्हणून आज काउलिंग जुळवताना स्पिनरचं केंद्र काउलिंगच्या केंद्रापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर वर राहू द्या. वरच्या कडेला तेवढी पायरी दिसेल. बघणारा प्रत्येक जण बोट ठेवून दाखवेल की इथे चुकलंय. हसून सोडून द्या. कोनात मात्र या उतारानं फार फरक पडत नाही. रबरांपासून स्पिनरपर्यंतचं अंतर पाऊण मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तीन मिलिमीटर उतारानं खालची फट एक मिलिमीटरच्याही आतच कमी होते.

यासाठी एक अट आहे. मापं घेताना इंजिनवर संपूर्ण वजन पाहिजे. एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर, बॅफल (थंड हवा सिलिंडरांवर वळवणारे पत्रे), तेल, सगळं. नुसत्या इंजिनवर काउलिंग बसवून नंतर एक्झॉस्ट लटकवला तर तुमचं माप गेलं. माउंटचे बोल्ट शेवटच्या टॉर्कला आवळलेले हवेत. रबरांचे वरचे आणि खालचे तुकडे सारखे दिसले तरी काही संचांत ते वेगळे असतात, तेव्हा त्यांचा क्रम ड्रॉइंगप्रमाणेच आहे ना ते पाहा. आणि इंजिन चढवल्या चढवल्या काउलिंगला हात घालू नका. काही आठवडे लटकू द्या, तोवर बॅफलचं काम करा, ते काही कमी वेळखाऊ नाही.

आता बॅकप्लेट स्वतः सरळ फिरते का ते पाहायचं. इथे प्रोपेलर हातानं फिरवावा लागतो, म्हणून आधी सुरक्षेचं. मॅग्नेटोचा (प्लगला ठिणगी देणाऱ्या, बॅटरी न लागणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद आहे म्हणून मॅग्नेटो मेला असं समजू नका. त्याची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते, आणि इम्पल्स कपलिंगवाला (आत झटका देणारी स्प्रिंग असलेला) मॅग्नेटो तर हळू फिरवलं तरी ठिणगी टाकतो. चारही सिलिंडरचे वरचे प्लग काढा, सगळ्या प्लगच्या वायरी सोडवा, चाकांना ठोकळे लावा. प्लग काढले की कॉम्प्रेशन जातं आणि फिरवणंही सोपं होतं. ज्यांच्याकडे रॉटॅक्स ९१२ हे दुसऱ्या जातीचं इंजिन आहे त्यांच्यासाठी जाता जाता: ते इंजिन उलट्या दिशेला फिरवायचं नाही, तेलाच्या मार्गात हवा शिरते.

सांगली-कुपवाडच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) मिळेल, पण त्याचं मॅग्नेटिक स्टँड इथे कामाचं नाही. क्रँककेस अॅल्युमिनियमची, चुंबक धरणार कशाला? मग लोक स्टँड जमिनीवर किंवा टेबलावर ठेवतात, आणि तेही चूक. प्रोपेलर ढकलला की अख्खं इंजिन रबरांवर हलतं आणि डायलवर ती हालचाल वाचली जाते, बॅकप्लेटची नाही. क्रँककेसच्या पुढच्या बाजूच्या एखाद्या बोल्टखाली लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट धरा आणि डायल त्यावर लावा, म्हणजे दोघं एकत्रच हलतील. क्रँकशाफ्टला पुढे-मागे थोडी मोकळीक असते, म्हणून प्रत्येक माप घेताना शाफ्ट एकाच दिशेला, म्हणजे मागे, दाबून घ्या. बॅकप्लेटच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या आत खेळ असेल तर मी समाधानी असतो. स्पिनर चढवून त्याचं टोक पाहिलं तर दीड मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो. त्यापुढे गेला तर आधी स्पिनरचं काम. डुलणारा स्पिनर नुसता वाईट दिसत नाही, स्क्रूच्या भोकांपासून त्याला चिरा जातात.

एवढं झालं की प्रोपेलर उतरवा. काउलिंगचं खरं काम प्रोपेलरवर करू नये, लाकडी तबकडीवर करावं. १८ मिलिमीटरचा पाण्यात न सुटणारा प्लाय घ्या आणि टर्नरकडून बॅकप्लेटच्या बाहेरच्या व्यासाची तबकडी काढून घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो फुगतो. प्रोपेलर एक्स्टेन्शन (प्रोपेलर पुढे आणणारा मधला तुकडा) क्रँकच्या फ्लँजवर नेहमीसारखं बसवा आणि त्यावर तबकडी अशी बोल्ट करा की तिची मागची बाजू बॅकप्लेटच्या मागच्या बाजूच्या जागीच येईल. ही खोली प्रोपेलर उतरवण्याआधीच एखाद्या पक्क्या बिंदूपासून मोजून लिहून ठेवा. प्रोपेलर आणि स्पिनर काढल्यामुळे जे वजन गेलं ते काट्यावर मोजा आणि तेवढीच वाळूची पिशवी एक्स्टेन्शनला टांगा. नाही तर रबरं वर येतील आणि सगळी मापं चुकतील. तबकडीचा मोठा फायदा असा की तिला भोकं पाडता येतात, स्क्रू मारता येतात, काउलिंगचं नाक तिलाच तात्पुरतं जखडून ठेवता येतं. शिवाय पात्यांना डोकं आपटत नाही.

मग फट किती? अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमांत, जुन्या भाग २३ मध्ये, पात्यापासून स्थिर भागापर्यंत लांबीच्या दिशेनं किमान अर्धा इंच आणि पात्याच्या टोकापासून विमानाच्या ढाच्यापर्यंत एक इंच सांगितला होता. स्पिनरसाठी मात्र आकडा नव्हता. कोणत्याही परिस्थितीत स्पर्श होणार नाही एवढी मोकळी जागा हवी, इतकंच. किट उडवणारे लोक साधारण ३ ते ६ मिलिमीटर ठेवतात. ओ-३२० आणि धातूच्या प्रोपेलरला मी ५ सांगेन. ३ वर गेलात तर फोटोत सुंदर दिसेल, पण हे इंजिन सुरू होताना, आणि त्याहून जास्त बंद होताना, जे गदगदतं ते एकदा उभं राहून पाहा. उड्डाणात पूर्ण ताकदीला प्रोपेलर इंजिनला पुढेच ओढतो, तेव्हा फट वाढते. स्पर्शाची भीती असते ती बंद करताना, खडबडीत जमिनीवर धावताना आणि आदळून उतरताना. म्हणूनच स्पिनरची कड काउलिंगच्या नाकावरून टोपणासारखी मागे आणू नका. दोन्ही पृष्ठभाग समोरासमोर, नुसते फटीनं वेगळे असले तर इंजिन वर-खाली हललं तरी काही घासत नाही. एकावर एक चढवले की तीच हालचाल आता धडक होते. नाकाचा व्यास स्पिनरपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे वाऱ्यासमोर उभी कड येत नाही. या फटीतून थंड हवा गळते म्हणून ती शून्य करण्याच्या मागे लागणारे आहेत. त्यांना मी म्हणतो, बॅफलच्या रबरी पट्ट्या कुठे कुठे उघड्या आहेत ते आधी बघा, तिथून याच्या कितीतरी पट हवा जाते.

आता तुमच्या नाकाकडे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, केंद्र आणि कल. तुमच्या डोक्यात कदाचित असेल की काउलिंगच एक अंश फिरवून टाकावी. तसं होणार नाही. काउलिंग सुमारे ९० सेंटिमीटर लांब धरली तर नाकापाशी एक अंश फिरवल्यावर मागची कड १५-१६ मिलिमीटर सरकते आणि फ्यूजलाजच्या आकाराला बसतच नाही. केंद्र जुळवायला काउलिंग दोन-चार मिलिमीटर ढकलता येते, तेवढी ती लवचिक असते. कल मात्र नाकाच्या कडेतच काढावा लागतो. ५ मिलिमीटरची एकसारखी फट हवी तर उजवीकडे खाली २ मिलिमीटर घासायचे आणि डावीकडे वर ४ मिलिमीटर वाढवायचे, मधल्या भागात पाचर निमुळती होत जाईल.

घासण्याआधी नाकाच्या कडेची जाडी पाहा. थर दोन-तीन मिलिमीटरचाच असेल तर आधी आतून काचेच्या कापडाचे दोन थर चढवा, सुकू द्या, मग बाहेरून घासा. वाढवण्यासाठी इपॉक्सीत कापसाचे बारीक तंतू कालवून घट्ट लगदा करा. काचेच्या पोकळ गोळ्यांचा हलका फिलर इथे नको, तो वरून आकार देण्यासाठी ठीक, कडेला तुटतो. ५ मिलिमीटर प्लायची एक कडी तबकडीच्या मागे स्क्रू करा, तिला पॅकिंगची तपकिरी टेप गुळगुळीत लावा, वरून मेण. इपॉक्सी त्या टेपला चिकटत नाही. नाकावर लगदा लावून काउलिंग जागेवर आणा, केंद्र पाहा, स्पिनर वर ठेवायचा तो दोन-तीन मिलिमीटरचा फरक पाहा, कडीवर हलकेच टेकवून पकडा. दुसऱ्या दिवशी कडी काढली की नाकाचा पृष्ठभाग तबकडीशी समांतर तयार असतो. तबकडीला मागून पॉलिश पेपर चिकटवून ती हातानं फिरवत नाक घासायची युक्ती काही जण सांगतात. मला ती पसंत नाही. काचेची धूळ थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या ऑइल सीलवर पडते. काउलिंग उतरवून, टेबलावर, ठोकळ्याला कागद लावून घासा.

इथे आपल्या भागातल्या फायबरवाल्यांबद्दल बोलायलाच हवं. सातारा-सांगली पट्ट्यात पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांची बॉडी करणारे हात उत्तम आहेत, काचेच्या तंतूंची मॅट ओढायची त्यांची सफाई मी वाखाणतो. पण ते आयुष्यभर पॉलिएस्टर रेझिनवर काम करतात. पॉलिएस्टरला हार्डनर अंदाजानं कमी-जास्त चालतो, गरमीत कमी, थंडीत जास्त. इपॉक्सीत ती सवय घातक आहे. तिथे प्रमाण काट्यावर, ग्रॅममध्ये. जास्त हार्डनर घातला तर लवकर सुकत नाही, कायमचा कच्चा राहतो. आणि सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. तुमची काउलिंग कशाची आहे ते किटच्या कागदात पाहा. इपॉक्सीची असेल तर दुरुस्ती इपॉक्सीनंच. पॉलिएस्टरची असली तरी इपॉक्सी तिच्यावर चालते, जागा खरखरीत करून घेतली म्हणजे झालं. पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, तो हवेतल्या दमटपणानं. तसाच घासलात तर तो खाली दाबला जातो आणि पुढचा थर सुटतो. आधी साध्या पाण्यानं आणि खरखरीत स्पंजनं धुवा, कोरडं करा, मग कागद.

मागची कड. वरचा भाग नाकाशी जखडलेला आहे, मागे फ्यूजलाजच्या पत्र्यावर दोन-अडीच सेंटिमीटर चढलेला असेल. पत्र्याच्या कडेपासून मागे बरोबर १०० मिलिमीटरवर टेपवर रेघ मारून ठेवा, मग काउलिंग वर आली तरी त्या रेघेपासून पुढे १०० मोजून काउलिंगवर खरी कड आखता येते. काउलिंगवर आखलेल्या या कडेच्या दोन मिलिमीटर बाहेर कापा, उरलेलं ठोकळ्यानं घासत आणा. पत्रा आणि काउलिंगमध्ये शेवटी एक मिलिमीटर ठेवा. रंग दोन्हीकडे चढतो आणि त्याला जागा लागते, नाही तर कडेचा रंग पहिल्याच वेळी उचकटतो. खालचा भाग वरच्याशी जुळवणं तुलनेनं सोपं. फक्त हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांपाशी जोड स्क्रूनं पक्का करा, तिथे बिजागरीची पिन पुरत नाही. आतून इंजिनभोवती सगळीकडे १२ मिलिमीटर आणि एक्झॉस्टपाशी किमान २५ सोडा, आणि एक्झॉस्टसमोर काउलिंगच्या आतल्या बाजूला उष्णता परतवणारा चमकदार पत्रा चिकटवा.

ही मापं सावलीत, सकाळी घ्या. साताऱ्याचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारलं, २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, तेव्हापासून आपल्या भागात गच्चीवर, अंगणात काम सुरू करणारे वाढलेत. कौतुकच आहे. पण एका बाजूनं ऊन खाल्लेली फायबरची काउलिंग दुपारी वेगळं माप दाखवते. खोलीच्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास नरम पडू लागते, आणि एप्रिल-मेमध्ये कराडच्या धावपट्टीवर उभ्या केलेल्या गडद रंगाच्या विमानाची काउलिंग तिथवर सहज जाते. त्यामुळे रेझिनच्या कागदात उष्णता देऊन पक्कं करायची पद्धत सांगितली असेल तर ती पाळा. नाकाचा आकार सुटू नये म्हणून हे काउलिंग तबकडीला जखडलेली असतानाच करा, आणि वरून रंग पांढरा किंवा फिका द्या.

शेवटच्या रंगाची मात्र घाई नको. नाकाला नुसता प्रायमर मारा. खरा प्रोपेलर आणि स्पिनर चढवून फट आठ ठिकाणी मोजा आणि आकडे लॉगबुकात लिहा. पहिल्या ग्राउंड रननंतर (जमिनीवरच इंजिन चालवून पाहिल्यावर) नाकाच्या कडेला आणि बॅकप्लेटच्या मागे चमकलेला किंवा ओरखडलेला भाग आहे का ते टॉर्च लावून पाहा. आत जिथे जागा कमी वाटते तिथे पुट्टीचे छोटे गोळे चिकटवून इंजिन चालवा, चपटे झाले तर तिथे जागा कमी आहे. पहिल्या २५ तासांच्या तपासणीत माउंटचे बोल्ट आणि तीच आठ मापं पुन्हा. वरची पायरी दोनवरून एकवर आली असेल तर रबरं ठरल्याप्रमाणे बसतायत. स्पिनर काउलिंगच्या केंद्राच्याही खाली गेला असेल, तर वॉशरचा विचार तेव्हा करा, आणि तोही माउंट बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे.